अर्ध्या तासाचा नियम

शाळेच्या तळमजल्यावर, जिन्याच्या वळणाला लागून एक खोली होती. दारावर 'आरोग्य कक्ष' अशी पाटी होती, पण मुलं तिला सिस्टरची खोली म्हणायची. आत दोन खाटा, त्यांच्यापुढे एक हिरवा पडदा, औषधांचं कुलूपबंद कपाट, टेबल, तीन खुर्च्या आणि एक वजनकाटा. वजनकाटा दोन किलो जास्त दाखवायचा, म्हणून एकही शिक्षिका त्याच्या वाटेला जात नसे.

सिस्टरनं आधी एकवीस वर्षं मोठ्या रुग्णालयाच्या वॉर्डात काढली होती. मग गुडघे कुरकुरायला लागले आणि तिनं शाळेतली नोकरी धरली. "आता काय, निवांत!" असं सगळे म्हणाले होते. निवांत म्हणजे सातशे मुलं आणि ती एकटी. सकाळी आठपासून कुणाचं नाक फुटलेलं, कुणाचा दात पडलेला, कुणाच्या पोटात नेमकं गणिताच्या तासाला दुखायला लागलेलं. खोटं दुखणं आणि खरं दुखणं तिला दारातूनच ओळखू यायचं, पण ओळखू येऊन उपयोग नव्हता. दोन्हीला तेवढाच वेळ द्यावा लागे.

भिंतीवर नियम लावलेले होते. त्यातले बरेचसे तिनंच लिहिलेले. ताप शंभरच्या वर गेला की मूल घरी. औषध न घेता चोवीस तास ताप नसेल तरच परत शाळेत. डोक्याला लागलं, कितीही थोडं का असेना, तर पालकांना फोन आणि त्या दिवशी खेळ बंद. डॉक्टरांची चिठ्ठी नसेल तर डोकेदुखीची साधी गोळीसुद्धा द्यायची नाही. आणि तापाचं मूल या खोलीत अर्ध्या तासाच्या वर ठेवायचं नाही. तेवढ्या वेळात दुसरं मूल आत घ्यायचं नाही. घरून कुणी आलं नाही तर मुख्याध्यापिकांना कळवायचं. असं एका सत्रात तीनदा झालं, तर पालकांना बैठकीला बोलवायचं आणि बैठक होईपर्यंत मुलाला घरी ठेवायचं.

हा शेवटचा भाग तिनं लिहिलेला नव्हता. तो वरून आला होता.

त्या बुधवारी साडेदहाला चौथीच्या बाईंनी भिंगरीला पाठवलं. भिंगरी हे तिचं खरं नाव नव्हे, पण ती एका जागी बसली आहे असं कुणी कधी पाहिलंच नव्हतं. नऊ वर्षांची, काटकुळी, तोंडाचा पट्टा सतत चालू. आज मात्र ती दाराची चौकट धरून गप्प उभी राहिली. सिस्टरनं कपाळावर हात ठेवला आणि थर्मामीटर काढायच्या आधीच तिला आकडा कळला. एकशे एक पॉइंट चार.

"सकाळी बरं होतं का गं?"

"हो. आईनं गुलाबी औषध दिलं ना, मग बरं वाटलं."

"किती वाजता?"

"शाळेला निघायच्या आधी. कडू नव्हतं. मी चमचा चाटला पण."

म्हणजे सात वाजता औषध, साडेदहाला औषध उतरलं आणि ताप वर आला. सिस्टरनं असं शंभरदा पाहिलं होतं. या सत्रात भिंगरीच्याच बाबतीत दोनदा, आणि दोन्ही वेळा न्यायला कुणी आलं नव्हतं. तिनं फॉर्म काढून आईला फोन लावला. भिंगरीची आई एका वृद्धाश्रमात काम करायची. एका मजल्यावर अकरा म्हातारी माणसं, त्यांना उठवणं, बसवणं, भरवणं, पुसणं, सगळं तिच्याकडे. दुसरी बाई आल्याशिवाय तिला मजला सोडता येत नसे.

तिसऱ्या फोनला ती मिळाली.

"सिस्टर, मी आत्ता एका आजोबांना आंघोळीला बसवलंय हो. हात ओले आहेत. काय झालं?"

"एकशे एकच्या वर ताप आहे. न्यायला यावं लागेल."

पलीकडून नुसता पाण्याचा आवाज आला. मग ती हळू आवाजात म्हणाली, "आज जोडीदारीण आलेलीच नाही. मी निघाले तर वरती कुणी नाही. चारपर्यंत... चारला येते मी, धावत येते. सिस्टर, ही तिसरी वेळ आहे ना?"

"हो."

"मग तिला घरी बसवतील. घरी कुणाजवळ बसवू मी?"

सिस्टरनं फॉर्मवर नजर टाकली. 'पालक न आल्यास कोणाला बोलवावे' या ओळीपुढे त्या बाईनं पुन्हा आपलाच नंबर लिहिला होता. दुसरा नंबरच नव्हता.

सिस्टरच्या मनात तेव्हा फार काही आलं, असं नाही. नंतर तिनं बरंच आठवून पाहिलं. दया आली असेल थोडी. आपली मुलगी लहान असताना आपणही तिला औषध पाजून शाळेत सोडलं होतं आणि धावत ड्यूटीवर गेलो होतो, हेही आलं असेल. पण खरं म्हणजे ती दमली होती. वरच्या मजल्यावर जायचं, मुख्याध्यापिकांना सांगायचं, त्यांनी उसासा टाकायचा, पत्र टाइप करायचं, त्या बाईनं फोनवर रडायचं, या सगळ्याचाच तिला कंटाळा आला होता. ती म्हणाली, "ठीक आहे. चारला या. नक्की या."

तिनं भिंगरीला पडद्यामागच्या खाटेवर झोपवलं. नोंदवहीत नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं: 'पोटात दुखत होते. वर्गात परत पाठवले.' एकवीस वर्षं वॉर्डात आणि सात वर्षं इथे, नोंदवहीत खोटं लिहायची ही तिची पहिलीच वेळ होती. अक्षर नेहमीसारखंच आलं.

बाराला ठकी आली.

ठकी सहावीत होती. तिला किडनीचा आजार होता आणि त्यासाठी गेली दोन वर्षं अशा गोळ्या चालू होत्या, की त्यांनी चेहरा बाहुलीसारखा गोल झाला होता. म्हणून आई तिला लाडानं ठकी म्हणायची आणि मुलं जे म्हणायची ते ती घरी सांगत नसे. रोज बाराला ती यायची, पाच मिनिटं खुर्चीवर शांत बसायची, सिस्टर तिचं ब्लड प्रेशर मोजायची, कपाटातून गोळी काढून द्यायची. शाळेत डॉक्टरांची लेखी चिठ्ठी असलेली अशी चारच मुलं होती.

ठकीला दारातूनच परत पाठवायला हवं होतं. गोळी बाहेर, व्हरांड्यात द्यायला हवी होती. सिस्टर तसं करणारच होती. ती खुर्ची बाहेर न्यायला उठली, तेवढ्यात दोन मुली एका तिसरीला धरून घेऊन आल्या. तिसरीची हनुवटी फुटली होती आणि रक्त पाहून तिघीही एका सुरात रडत होत्या. सिस्टर त्यांना घेऊन बाहेरच्या नळावर गेली. "ठके, इथंच थांब," एवढं ती जाता जाता म्हणाली.

परत आली तेव्हा खुर्ची रिकामी होती. पडद्यामागून कुजबुज येत होती. ठकी खाटेच्या कडेवर बसली होती आणि भिंगरी उताणी पडून तिला काहीतरी कोडं घालत होती. तापातही तोंडाचा पट्टा सुरू झाला होता.

"ठकी! बाहेर ये आधी."

"ती एकटी होती," ठकी म्हणाली. "तिला तहान लागली होती. मी माझं पाणी दिलं."

सिस्टरनं तिचे हात साबणानं धुवून घेतले, बाटली रिकामी करून उकळत्या पाण्यानं विसळली. ब्लड प्रेशर मोजलं, गोळी दिली, पाठवलं. साधा ताप असेल, तिनं स्वतःला सांगितलं. चारला पाच मिनिटं कमी असताना भिंगरीची आई घामाघूम होऊन आली, मुलीला कडेवर घेतलं आणि "तुमचे उपकार" असं काहीतरी म्हणत निघून गेली.

घरी गेल्यावर नवऱ्यानं विचारलं, "आज काय विशेष?" तो बस चालवून निवृत्त झाला होता आणि आता स्वयंपाक शिकत होता, म्हणजे रोज एक भांडं करपवत होता.

"काही नाही," ती म्हणाली. "एक हनुवटी फुटली."

शुक्रवारी सकाळी साडेआठला फोन आला. भिंगरीची आई होती.

"सिस्टर, ताप उतरला कालच. पण अंगावर फोड आलेत. पाठीवर, पोटावर. पाणी भरल्यासारखे. कांजिण्या असतील का हो?"

सिस्टर खाली बसली. "डॉक्टरांना दाखवा," ती म्हणाली. "नखं कापा. सगळ्या खपल्या वाळेपर्यंत शाळेत पाठवू नका." तोंड आपोआप बोलत होतं. कांजिण्या फोड यायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पसरतात, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. बुधवार दुपार. पडदा. एकच पाण्याची बाटली.

तिनं कपाटातून ठकीची फाइल काढली. डॉक्टरांचं पत्र अगदी वर होतं, तिनं स्वतःच पिवळ्या शाईनं खुणा केलेलं. या मुलीला कांजिण्यांची लस देता आलेली नाही. चालू औषधांमुळे हा आजार तिच्या जिवावर बेतू शकतो. संपर्क आल्यास तत्काळ कळवावे; विशिष्ट इंजेक्शन जितके लवकर, शक्यतो चार दिवसांत, दिले जाईल तितके बरे.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार. सिस्टरनं बोटांवर मोजलं आणि उठली.

भिंगरी चौथीत, ठकी सहावीत. दोघींचे मजले वेगळे. नेहमीच्या पद्धतीनं चौथीच्या पालकांना एक सूचना गेली असती आणि ठकीच्या घरी कुणालाच काही कळलं नसतं. त्या दोघी एका खोलीत होत्या हे शाळेत फक्त सिस्टरला माहीत होतं, आणि नोंदवहीत तर तसं लिहिलेलंच नव्हतं. जिना चढताना हे सगळं तिच्या लक्षात आलं. लक्षात आलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. एका पायरीवर ती थांबलीसुद्धा. मग गुडघ्याला हात देऊन पुढची पायरी चढली.

मुख्याध्यापिका तिच्याच वयाच्या होत्या. त्यांच्या टेबलावर चहा निवून त्यावर साय धरली होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, डोळे चोळले.

"किती वेळ होती ती पोरगी तुमच्याकडे?"

"साडेदहा ते चार."

"आणि नोंद?"

"खोटी आहे. मी लिहिली."

बाहेर कुठल्यातरी वर्गात पाढे चालू होते.

"असं करू," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "तिच्या आईला कळवू की शाळेत एक कांजिण्यांची केस निघालीय, काळजी घ्या. तेवढ्यानं त्या डॉक्टरांकडे जातीलच. बुधवार, पडदा, खाट, एवढ्या खोलात शिरायची काय गरज आहे? तुमच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत हो."

त्या वाईट बाई नव्हत्या. हे त्या सिस्टरसाठीच बोलत होत्या, आणि थोडं शाळेसाठी. म्हणूनच उत्तर देणं सिस्टरला जड गेलं.

"डॉक्टर पहिला प्रश्न विचारतील, किती जवळून आणि किती वेळ. 'शाळेत कुणालातरी आहे' एवढ्यावर ते इंजेक्शन देणार नाहीत. ते सहजासहजी मिळतही नाही. मला सगळं सांगावंच लागेल."

"मग मलाही तुमच्याबद्दल वर लिहावं लागेल."

"लिहा ना. पण आधी फोन करू द्या."

ठकीची आई चष्म्याच्या दुकानात होती. डोळे तपासणं, नंबर काढणं हे तिचं काम. तिला नेमकं बोलायची सवय होती. सिस्टरनं फोनवर आधी सांगितलं, ठकी कुठे आहे ते. वर्गात, अजून काही त्रास नाही. मग तिनं न थांबता सांगून टाकलं. बुधवारी बारा वाजता. त्याच खोलीत. खाटेच्या कडेवर. पंधरा मिनिटं. एकाच बाटलीतलं पाणी.

"कोण मुलगी?"

"नाव मला सांगता येणार नाही. पण कांजिण्या नक्की आहेत."

"तुम्हाला बुधवारी माहीत होतं तिला ताप आहे?"

"हो."

"मग ती घरी का गेली नाही?"

"मी ठेवून घेतली."

"का?"

या 'का'साठी सिस्टरनं जिन्यात दोन-तीन उत्तरं जुळवली होती. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही. "चुकलं माझं," ती म्हणाली. "डॉक्टरांना आत्ता फोन करा. आजच. चार दिवसांतले दोन गेलेत."

पलीकडे कुणीतरी आरशात पाहून "ही फ्रेम कशी दिसते?" असं विचारत होतं. "मी ठेवते," ठकीची आई म्हणाली, आणि फोन बंद झाला.

अर्ध्या तासात ती शाळेत आली, मुलीचं दप्तर उचललं, मुलीला घेतलं. सिस्टर व्हरांड्यात उभी होती. ठकीनं जाताना हात हलवला. आईनं मान वळवली नाही.

इंजेक्शन ठकीच्या डॉक्टरांच्या रुग्णालयात नव्हतं. दुसऱ्यातही नव्हतं. सिस्टरनं आपल्या जुन्या वॉर्डातल्या मैत्रिणींना एकेक करून फोन लावले; त्यांतल्या निम्म्या निवृत्त झाल्या होत्या आणि एकीला ही कोण तेच आठवेना. शेवटी एकीच्या ओळखीनं लहान मुलांच्या एका रुग्णालयात ते सापडलं. सिस्टरनं पत्ता मुख्याध्यापिकांकरवी कळवला. शनिवारी दुपारी ठकीला इंजेक्शन मिळालं, बाहत्तर तास आणि वर थोडे.

त्यानंतर होतं ते नुसतं थांबणं. डॉक्टरांनी अठ्ठावीस दिवस सांगितले होते. इंजेक्शननं आजार टळतोच असं नाही. कधी टळतो, कधी सौम्य होतो, कधी नुसताच उशिरा येतो. ठकीला घरीच ठेवलं होतं. सिस्टरला लेखी ताकीद मिळाली, ती तिनं वाचून सही करून दिली. नोंदवहीतल्या त्या ओळीखाली लाल शाईनं खरं काय ते लिहायला लावलं, तेही तिनं लिहिलं. शिक्षकांच्या खोलीत ती गेली की बोलणं जरा खाली यायचं. शिपाईमामा तेवढे नेहमीसारखे वागत. "सिस्टर, जेवलात का?" रोज विचारायचे. ती "हो" म्हणायची. डबा तसाच परत जायचा.

घरी नवरा तो डबा उघडून बघायचा. "एवढं वाईट झालंय का?"

"नाही हो. घशाखाली उतरत नाही."

"आज मीठ बरोबर होतं."

"मीठ बरोबर होतं."

तो मग जास्त काही न विचारता ताट वाढायचा आणि तिच्यासमोर बसून राहायचा. ती दोन घास खायची. रात्री डोळ्याला डोळा लागत नसे आणि सकाळी उठवत नसे. अंगात ताप नव्हता, दुखत काहीच नव्हतं. स्वतःलाच तपासलं असतं तर वर्गात परत पाठवलं असतं.

दहाव्या दिवशी भिंगरी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आली. खपल्या पडून गेल्या होत्या, कपाळावर एक खड्डा राहिला होता. चिठ्ठी सिस्टरच्या हातात देऊन ती एका पायावर उड्या मारत वर्गाकडे गेली. आई मात्र थांबली. कामावर जायच्या घाईत होती, पण बसली.

"सिस्टर, एक सांगू? त्या दिवशी सकाळी मीच थर्मामीटर लावला होता. शंभर होता. मला माहीत होतं."

"मला कळलं होतं ते."

"तरी तुम्ही ठेवून घेतली."

सिस्टरनं भिंगरीची चिठ्ठी फाइलला लावली.

"भिंगरी सारखी विचारते, ती गोल तोंडाची ताई कुठाय. तिनं पाणी दिलं म्हणे. वहीत तिच्यासाठी चित्र काढलंय. ती येत नाही का शाळेत?"

"एका मुलाच्या तब्येतीचं दुसऱ्याच्या घरी बोलता येत नाही मला."

भिंगरीची आई तिच्याकडे बघत राहिली. ती रोज आजारी माणसांत वावरणारी बाई होती. न सांगितलेलं ऐकायची तिला सवय होती. हळूहळू तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"फार आजारी आहे का?"

"मला सांगता येत नाही."

"आमच्यामुळे?"

"माझ्यामुळे," सिस्टर म्हणाली. "तुमच्या हातात दुसरं काही नव्हतं. माझ्या हातात होतं. मी वर जाऊन सांगायचं होतं."

ती बाई पदर तोंडाशी धरून थोडा वेळ रडली, आवाज न करता, घड्याळाकडे बघत. मग डोळे पुसून म्हणाली, "मी जाऊ का? बस चुकली तर सगळ्यांचा नाश्ता राहील." जाताना तिनं फॉर्म मागून घेतला आणि दुसऱ्या नंबराच्या जागी शेजारणीचा नंबर लिहिला. "तिला अजून विचारलेलं नाही," ती म्हणाली. "आज विचारते. नाही म्हणाली तर पाय धरते."

एकोणिसाव्या दिवशी ठकीच्या अंगावर फोड आले. ही बातमी मुख्याध्यापिका स्वतः खाली येऊन सांगून गेल्या. ताप आहे, रुग्णालयात ठेवलंय, सलाइनमधून औषध चालू आहे. सिस्टरनं खिडकीचा गज धरला.

"किती फोड?"

"ते नाही विचारलं मी."

"ते विचारायला हवं," सिस्टर म्हणाली. आणि मग तिला पहिल्यांदा रडू आलं, इतक्या क्षुल्लक गोष्टीवर, की फोड किती ते कुणी विचारलं नाही. मुख्याध्यापिकांनी दार लोटून घेतलं आणि तिच्याजवळ खाटेवर बसून राहिल्या. बाहेर एक मुलगा "सिस्टर, माझ्या पोटात दुखतंय" म्हणून दोनदा हाका मारून गेला. त्याला कुणी ओ दिली नाही.

तीस-पस्तीसच फोड होते. आजार छातीत उतरला नाही. सात दिवसांनी ठकी घरी आली, पंधरवड्यानं शाळेत. इंजेक्शन मिळालं नसतं तर काय झालं असतं, हे डॉक्टरांनी आईला सांगितलं होतं. सिस्टरला ते कुणी सांगितलं नाही आणि तिनं विचारलंही नाही. तिला ते माहीत होतं.

ठकी परत आली त्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी तिची आई सिस्टरच्या खोलीत आली. उभीच राहिली.

"बसा ना."

"नको. दुकान सोडून आलेय." तिनं खोलीभर नजर फिरवली, पडद्यावर जरा थांबली. "मी तुमच्याबद्दल तक्रार लिहिली होती. तीन पानी. आमच्या डॉक्टरांना वाचून दाखवली. ते म्हणाले, अशा केसमध्ये बहुतेक वेळा शाळेकडून कुणी फोनच करत नाही. फोड आले की मग कळतं."

सिस्टरनं नोंदवही मिटून बाजूला ठेवली.

"मी ती फाडलेली नाही, बरं का. ठेवलीय."

"ठेवा."

"तुमचा मला राग येतो. आणि तुम्ही फोन केलात म्हणून माझी मुलगी आज वर्गात आहे. दोन्ही एकदम बाळगणं मला जमत नाहीये. सध्या मी रागच धरून आहे."

"चालेल," सिस्टर म्हणाली. "तो सोयीचा पडतो."

ठकीच्या आईच्या ओठांचा एक कोपरा हलला. ते हसू होतं की नाही, सांगता आलं नसतं. "ती दुसरी पोरगी बरी आहे?"

"मला सांगता—"

"येत नाही. माहीत आहे. ठकीनंच सांगितलं मला. त्यांचं काहीतरी चित्रांचं चाललंय." ती दारापर्यंत गेली आणि वळली. "तापाच्या मुलांना वेगळी खोली का नाही हो तुमच्याकडे? एका पडद्यानं काय होतं?"

"सहा वर्षं मागतेय मी."

"मला लिहून द्या. पालकांच्या सभेत मी मागते. तुम्ही मागितलं तर ऐकत नाहीत ना, माझं ऐकतील. मी भांडते."

ती खरंच भांडली. महिनाभरानं खेळाचं मोडकं सामान ठेवायची बाजूची खोली रिकामी झाली. शिपाईमामांनी आणि सिस्टरनं मिळून बॅडमिंटनच्या मोडक्या रॅकेटी आणि हवा गेलेले चेंडू बाहेर काढले, भिंती पुसल्या, एक खाट टाकली. तिसऱ्या वेळेला मुलाला घरी बसवायचा नियम मात्र तसाच राहिला. त्याबद्दल सिस्टरनं अर्ज लिहिला. उत्तर आलं नाही. तिनं पुन्हा लिहिला.

खोली लावून झाली त्या संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा तिच्या केसांत जळमटं होती. जिना चढून आल्यावर ती चपला न काढता तशीच दाराजवळच्या स्टुलावर टेकली. नवरा हातात झारा घेऊन बाहेर आला.

"काय गं? वरून काही पत्र आलं की काय? नोकरी राहिली ना?"

"राहिली."

"मग तोंड असं का?"

"राहिली म्हणूनच," ती म्हणाली. "उद्या सकाळी परत जायचंय."

तो हसला. तीही थोडंसं हसली, आणि वाकून चपलेचा पट्टा सोडायला लागली.